मोरीतला थर

ज्या माणसावर मी पुढे सूड उगवला, त्यानंच मला सूक्ष्मदर्शकात नीट बघायला शिकवलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी म्हणेल की उपकार विसरली. मी विसरले नाही. उपकार एका खणात ठेवले, बाकीचं दुसऱ्या खणात, आणि दोन्हींची कधी मिसळ होऊ दिली नाही.

परळच्या एका संशोधन संस्थेत ते जंतुनाशकांवर काम करायचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. गिरगावातल्या वाडीत वाढलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं स्वच्छ, शब्द मोजून वापरणारं. मी लालबागच्या चाळीतून चालत जायचे. मायक्रोबायॉलॉजीची एमएस्सी झाली आणि सरांनी मला पीएचडीसाठी घेतलं, तेव्हा आईनं मजल्यावर गूळ-खोबरं वाटलं. पेढे वाटायचे दिवस नव्हते. गिरण्यांचा संप दुसऱ्या वर्षात गेला होता.

सरांची शिकवण साधी होती. "दहा जातींच्या जंतूंचं गाठोडं बघून काही कळत नाही. एक जंतू वेगळा काढ. एकटा वाढव. तो कशावर जगतो, कशानं मरतो, ते बघ. मग दुसरा घे. सगळे तुकडे समजले की गोष्ट समजली." यात खोटं काही नव्हतं. पटकी काय, क्षय काय, माणसाला त्यांचे जंतू सापडले ते याच रीतीनं. एकेक जात निवडून काचेच्या थाळीत शुद्ध वाढवायची, इतकी देखणी युक्ती आमच्या शास्त्रात दुसरी नाही. मला ती छान जमायची. सुरुवातीला सर इतरांना माझ्या थाळ्या दाखवायचे.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. संप सुरू झाल्यापासून घरी. आई माझगावच्या पुढे, बंदराजवळच्या एका शेडमध्ये कोलंबी सोलायला जायला लागली. कोलंबी बर्फातली, बोटांची सालं निघायची. संध्याकाळी ती वाटीत खोबरेल घेऊन त्यात बोटं बुडवून बसायची आणि मी तिला घास भरवायचे.

एका दुपारी बाबांना गिरणीतून बोलावणं आलं. एकट्याला. ते परत आले तेव्हा मी घरीच होते.

"माका आत बोलवल्यानी," बाबा म्हणाले. "खुर्ची दिल्यानी. चाय दिल्यानी. इतक्या वर्षांत पयल्यांदा."

"काय म्हणत होते?" आईनं विचारलं.

"म्हणत होते, तुझ्या खात्यातले सगळे येतत, तूच मागे ऱवलस. सही कर आणि उद्या ये."

"मगे?"

"मी इचारलंय, सगळे येतत तर माका चाय कित्याक पाजतास?"

आई हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. पण पुढे कळलं की तीच खुर्ची, तोच चहा आणि तेच वाक्य साचेखात्यातल्या प्रत्येकाला मिळालं होतं. काहींनी सह्या केल्या. त्यातले दोघं-तिघं नंतर आमच्याकडे येऊन रडले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मला वाटलं बाकीचे गेलेच. फितूर व्हायचं कोणाच्याच मनात नव्हतं, तरी खातं फुटलं. बाबांनी सही केली नाही. पुढे गेट उघडलं तेव्हा त्यांना आत घेतलं नाही. हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात ते कामाला लागले. गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालायचं काम. सुरतेहून आलेल्या सिंथेटिक साड्या. पहिल्या दिवशी घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "सुताचो वास नाय येत तेंका."

बाबांना ते बोलावणं आलं त्याच सुमाराला एकदा प्रयोगशाळेत जेवताना संपाचा विषय निघाला. सर रंगात होते.

"माझा मेहुणा एका गिरणीत अधिकारी आहे," ते म्हणाले. "मला विचारत होता, एवढ्या हजारो लोकांचं काय करायचं? मी म्हटलं, हजारो लोक अशी काही वस्तूच नसते. माणूस एकच असतो. त्याला भूक असते, घर असतं, भीती असते. एकेकाला आत बोलव. आपण थाळीवर करतो तेच."

सगळे हसले. माझ्या हातात चपातीचा तुकडा होता. तो मी खाल्ला. ती गिरणी बाबांचीच होती का, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी शोधलं नाही. मला गरज वाटली नाही. मी कुठून येते, हे सरांना चांगलं माहीत होतं. माझ्यासमोर बोलताना त्यांना काही वाटलं नाही, एवढंच.

आता मोरीकडे येते. आमच्या मजल्यावर सगळ्यांची मिळून एक मोरी होती. तिच्या फरशीवर आणि पाइपात कायम एक बुळबुळीत थर असायचा. म्युनिसिपालिटीचा माणूस येऊन पांढरी पावडर टाकून जायचा, वासानं डोळे चुरचुरायचे, दोन दिवस मोरी बरी दिसायची आणि मग थर परत जागच्या जागी. लहानपणापासून बघितलेली गोष्ट. पण आता मी दिवसभर जंतू मारायचं काम करत होते, त्यामुळे मला त्याचा राग यायला लागला. मरत का नाही हा?

मी थोडा थर बाटलीत घालून प्रयोगशाळेत नेला. त्यातले जंतू एकेक करून वेगळे केले. पावडरीचं पाणी घातलं. सगळे मेले, तेही पटापट. एकही जात चिवट निघाली नाही. मग मी काचेच्या पट्ट्या दोऱ्याला बांधून मोरीच्या तोंडाशी सोडल्या. आठवड्याभरात त्यांच्यावर थर धरला. त्या पट्ट्या तशाच्या तशा, न खरवडता, त्याच पाण्यात तेवढाच वेळ बुडवल्या. थर जिवंत राहिला. वरचे काही मेले, आतले जगले, आणि दोन दिवसांत थर पुन्हा पहिल्यासारखा.

तेच जंतू, तेच औषध. सुटे असताना मरत होते, थरात असताना मरत नव्हते.

मी ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. मग सरांना दाखवलं. खोलीत बाकीचे विद्यार्थी होते.

सरांनी पट्टी हातात घेतली, थर खरवडला, पाण्यात घालून जोरात हलवला, सगळे जंतू सुटे केले आणि त्यावर औषध घातलं. "हे बघ. मेले."

"हो सर. पण खरवडल्यावर तो थर उरत नाही."

"थर म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं. "त्यात जंतूंशिवाय आणखी कोण राहतं?"

"कोणी नाही. पण एकत्र असताना ते वेगळं वागतात."

"मग एकेकात ते वेगळेपण दाखव मला. कुठल्या जंतूत आहे?"

"एकेकात नाहीच ते, सर."

ते बाकीच्यांकडे वळले. "गिरणगावची पोरगी आहे. हिला जंतूंतसुद्धा युनियन दिसते."

खोलीभर हशा झाला. मीही हसले असेन. अशा वेळी तोंड आपोआप हसतं. मग त्यांनी पट्टी कचऱ्यात टाकली आणि म्हणाले, "तुझा हात घाणेरडा आहे. प्रयोग दूषित झालाय. माझ्या लॅबमध्ये गटार आणू नकोस."

आमच्या धंद्यात 'हात घाणेरडा' म्हणणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. स्वयंपाक्याला विषारी म्हणण्यासारखं आहे ते. ज्याचा हात स्वच्छ नाही, त्याच्या कुठल्याच निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही. सरांनी मला काढलं, तिथवर ठीक होतं. मी दुसऱ्या दोन ठिकाणी अर्ज केले, तेव्हा तिथेही त्यांनी तेच सांगितलं. एका ठिकाणच्या बाईंनी मला ते तोंडावर ऐकवलं, कीव केल्यासारखं. त्या दिवशी तिथून बाहेर पडून मी लालबागपर्यंत चालत आले, आणि येताना ठरवलं की या माणसाला एक दिवस हे शब्द परत घ्यायला लावीन. चार माणसांत.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खंय ऱवता तो?" मी सांगितलं नाही. ती खरंच गेली असती.

माझगावला एक खासगी प्रयोगशाळा होती. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या पिण्याच्या टाक्यांचं पाणी तिथे तपासलं जायचं. मालकांना पीएचडीशी देणंघेणं नव्हतं. टाकी साफ झाली पाहिजे, बस. तिथे मी लागले आणि तिथेच वर्षानुवर्षं राहिले. जहाजाच्या टाकीत उतरलं की भिंतीला हात लावायचा. बुळबुळीत लागलं की मला बरं वाटायचं. माझा जुना साक्षीदार भेटल्यासारखं.

त्या थराबद्दल मी हळूहळू बरंच शिकले. जंतू एकमेकांना धरून एक चिकट लगदा तयार करतात. औषध वरच्या थरातच खर्ची पडतं. आतल्यांना अन्न कमी मिळतं, म्हणून ते निपचित पडून राहतात, आणि जो निपचित आहे त्याला मारणं कठीण जातं. एकाची घाण दुसऱ्याचं अन्न होते. यात जादूटोणा काही नाही. पण एकट्या जंतूला थाळीत ठेवून जन्मभर बघत बसलात तरी यातलं काहीही दिसणार नाही, कारण ते त्याच्यात नसतंच. ते त्यांच्या-त्यांच्यामध्ये असतं. पुढे परदेशी नियतकालिकांतून अशा थरांवर भरपूर छापून यायला लागलं. एका वाचनालयात मी ते वाचलं. आनंद झाला असं म्हणणार नाही. माझी पट्टी कचऱ्यात गेली होती आणि दुसऱ्यांच्या पट्ट्यांचे फोटो छापून येत होते.

राग माणसाला खातो म्हणतात. मला माझ्या रागानं पोसलं. कंटाळा आला की मी त्याच्याकडे बघायचे आणि कामाला लागायचे. नोकरी करतच, दुसऱ्या शहरातल्या एका प्राध्यापकांकडे पीएचडी पूर्ण केली.

दरम्यान गिरण्यांच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. परळला अशाच एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर डायलिसिसचं सेंटर निघालं. एक दिवस तिथल्या मुख्य डॉक्टर बाईंचा फोन आला. मशीनला जोडल्यावर तासाभरात पेशंटना हुडहुडी भरते, ताप चढतो. रोज नाही, पण पुन्हा पुन्हा. पाणी शुद्ध करून पाइपातून मशीनपर्यंत नेतात, त्या पाइपात औषध सोडतात, नमुने स्वच्छ येतात आणि तिसऱ्या दिवशी परत ताप.

"औषधाचा डोस कोणी ठरवला?" मी विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं. सर निवृत्त होऊन सल्लागार झाले होते.

मी त्याच दुपारी गेले. खुर्चीत एक टॅक्सी ड्रायव्हर पांघरूण ओढून बसला होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, आज माझा नंबर लागतोय का बघतोय." म्हणजे तापाचा नंबर. त्याचं बोलणं ऐकून माझं डोकं थंड झालं. मी डॉक्टर बाईंना सांगितलं, आजपासून सगळे पेशंट दुसऱ्या सेंटरला पाठवा, कारण नंतर सांगते. त्यांनी ऐकलं. त्या लोकांच्या जिवावर मला सूड नको होता.

मग पाइप बघत फिरले. भिंतीच्या कोपऱ्यात एक आखूड फाटा होता. पुढे कधीतरी आणखी एक मशीन बसवायचं म्हणून काढून ठेवलेला आणि तोंडाला बूच लावून बंद केलेला. पाणी त्यात शिरायचं आणि साचून राहायचं. प्लंबरकडून तो कापून घेतला. आत बोट घातलं. बुळबुळीत.

फाट्याचे छोटे छोटे तुकडे करून मी माझगावला नेले आणि तोच जुना प्रयोग केला. काही तुकड्यांतला थर खरवडून जंतू सुटे केले, काही तसेच ठेवले. सरांनी ठरवलेला डोस, सरांनी ठरवलेला वेळ. सुटे मेले. थर जगला. मी डॉक्टर बाईंना म्हटलं, "निकाल तयार आहे, पण सल्लागार आणि ट्रस्टी समोर असतील तेव्हाच सांगेन."

सरांनी मला ओळखलं नाही. केस पांढरे झाले होते, शर्ट तसाच कडक. मी सगळ्यांसमोर टेबलावर दोन थाळ्या आणि पाइपाचा एक तुकडा ठेवला. काय केलं ते सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस हुशार होता, मुद्दा लगेच पकडला.

"यात नवीन तत्त्व काही नाही," ते म्हणाले. "औषध आतपर्यंत पोचत नाही, एवढंच. थराची जाडी मोजा, आतल्या जंतूंची भूक मोजा, हिशेब बसेल. शेवटी जंतूच आहेत."

"मान्य आहे, सर," मी म्हटलं. "हिशेब बसेल. पण जाडी एका जंतूला नसते. तुम्ही एकेका जंतूला विचारून डोस ठरवलात, म्हणून मोजायचं काय तेच तुम्हाला सुचलं नाही. इथे लोक थंडीनं कुडकुडले ते त्यामुळे."

त्यांनी पाइपाचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "आमच्या टीमचा अंदाज थोडा चुकला असेल."

"टीममध्ये कोण कोण आहे?"

डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ट्रस्टींनी बघितलं.

"तसा मीच," सर म्हणाले.

"मग टीम म्हणू नका."

खोलीत एसी चालू होता, तरी त्यांच्या कपाळावर घाम आला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं, आणि मला कळलं की ओळख पटली.

मी ट्रस्टींकडे वळले. म्हटलं, "हा प्रयोग मी पहिल्यांदा यांच्याच प्रयोगशाळेत केला होता. पाइपाऐवजी काचेची पट्टी होती. यांनी ती कचऱ्यात टाकली आणि मी जिथे जिथे काम मागितलं तिथे कळवलं की हिचा हात घाणेरडा आहे." मग सरांना विचारलं, "सर, माझा हात घाणेरडा होता का?"

"हा विषय इथला नाही," ते म्हणाले.

"चार लोकांत बोलला होतात. चार लोकांतच उत्तर द्या."

डॉक्टर बाई मध्ये पडतील असं मला वाटलं होतं. पडल्या नाहीत. त्यांच्याकडे ताप आलेली माणसं होती, त्यांना सरांची दया यायचं कारण नव्हतं.

"नव्हता," सर म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

ऐकू आलं होतं. पण मला ते पुन्हा हवं होतं.

"तुझा हात घाणेरडा नव्हता," ते म्हणाले, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो परत लावायला त्यांना बराच वेळ लागला. मी तो सगळा वेळ बघत होते. नजर वळवावी असं मला वाटलं नाही.

सेंटरनं सरांचं काम थांबवलं. तो फाटा काढला, सगळे पाइप बदलले, पाणी कुठे साचून राहणार नाही अशी रचना केली. ताप बंद झाले. टॅक्सी ड्रायव्हर परत आला आणि खुर्चीत घोरत पडलेला मी स्वतः बघितला.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. एका सरकारी समितीवर त्यांचं नाव जाणार होतं आणि माझा अहवाल कोणीतरी तिथे पोचवला होता. "त्यात माझं नाव घालायची गरज नव्हती," ते म्हणाले. "सल्लागार असं नुसतं लिहिलं असतंस तरी चाललं असतं. तुला शिकवलंय मी."

"शिकवलंत," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत, जंतू सापडला की त्याचं नाव लिहायचं."

फोन मी आधी ठेवला. समितीवर त्यांचं नाव आलं नाही. पुढे ते मुंबई सोडून मुलाकडे गेले असं ऐकलं.

त्या मीटिंगच्या संध्याकाळी मी लालबागला गेले होते. बाबा दुकानातून नुकतेच आले होते, पाय लांब करून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "लोकांचो ताप थांबतलो मा?"

"थांबतलो."

"मग झालां," म्हणाले आणि पेपर उघडला. माझा थोडा हिरमोड झाला. इतकी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट होती, आणि तिची किंमत त्यांनी दोन शब्दांत केली.

आई लसूण सोलत होती. ती हातातलं ठेवून माझ्याजवळ सरकली.

"तोंड कसां झालां तेचां?" तिनं विचारलं.

"उतरलां."

"घाम इलो?"

"एसी होतो थंय."

"तरी?"

"तरी इलो."

आईनं समाधानानं मान हलवली. बाबा पेपरामागून म्हणाले, पुरे आता. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. पदराला हात पुसले, माझ्यापुढे मांडी घालून नीट बसली आणि म्हणाली, "परत सांग. तू आत गेलंस थंयसून."